तुला मेकअप लागत नाही

"सकाळी साडेआठला येशील का गं? आमची बाई सोयाबीन कापायला सांवेरला पळाली."

नाटक नुकतंच संपलं होतं. राजवाड्यामागच्या हॉलची मेकअप रूम. समोर रेशमी साडीतल्या एक प्रेक्षक बाई. मी अजून मोलकरणीच्या लुगड्यात, हातात झाडू. बाई मला खरीच मोलकरीण समजल्या होत्या.

आता मी पडले टाळ्यांची भुकेली. कमरेवर हात ठेवला, मान वाकडी केली आणि म्हणाले, "येते की बाईसाब! पण पोहे रोज पायजेत, वर सेव बी!"

सगळ्या हसून लोटपोट. सगळ्यात मोठ्यानं मी.

कोणीतरी त्यांना सांगितलं, "अहो, या बँकेत ऑफिसर आहेत." बाईंनी मला खालून वर पाहिलं. "अग्गोबाई! पण काय हुबेहूब! हे शिकून येत नाही हं. रक्तातच असावं लागतं."

त्यावरही मी वाकून मुजरा केला. शपथ. मुजरा!

मराठी मंडळाच्या महिला नाटकात मी दरवर्षी मोलकरीणच. नाटक बदलायचं, झाडू तोच. दिग्दर्शिका माई सगळ्यांना स्वतः रंगवायच्या. माझी पाळी आली की गालाला हात लावून म्हणायच्या, "तुला मेकअप लागत नाही गं. तू तशीच ये." मी लाजायचे. कौतुक वाटायचं मला ते!

दुसरीकडे कुठं स्टेज मिळणार होतं? बँकेत सगळे हिंदीवाले, तिथं मी 'मराठी मैडम'. "पूरनपोली कब खिला रहे हो?" यापलीकडे माझ्याशी कुणाचं काम नाही. आमच्या वस्तीत निळे झेंडे लागतात त्या दिवशी माइक पुरुषांकडे, बायकांकडे रांगोळी आणि खीर. मंडळातल्या मराठी बायकांत मी 'त्यांच्यातली'. पण मंडळानं स्टेज तरी दिलं. झाडूसकट.

त्या मुजऱ्याच्या दिवशी आई नाटकाला आली होती. पहिल्यांदाच. गिरणी बंद पडून बाप घरी बसला, तेव्हा लोकांची भांडी घासून तिनं मला शिकवलं. परतताना ती स्कूटीवर माझ्या मागे. भंवरकुआंच्या सिग्नलला तिनं विचारलं,

"मी अशी चालते का गं?"

मागून कोणी ओरडलं, "ओ मैडम, ग्रीन हो गया!" माझा हात हलेना. कारण, हो. ती चाल तिचीच. कमरेवरचा हात तिचा, 'बाईसाब' तिचं. रिहर्सलमध्ये मला कुणी काही शिकवलं नव्हतं. सगळं घरून उचलून नेलं होतं.

"नाटक होतं आई ते."

"हां. लोक खूब हसले."

चिडली असती तर बरं झालं असतं. नंतर कित्येक दिवस तिच्यासमोर चहाचा कप धरताना माझी मान वर होत नव्हती.

यंदाच्या नाटकाचं वाचन माईंच्या घरी होतं. नाटकात एक वकीलबाई, तिची नणंद आणि मोलकरीण सखू. माईंनी न विचारताच सखूची पानं माझ्याकडे सरकवली.

"मी वकीलबाई वाचते," मी म्हणाले. आणि वाचली. उभं राहून, अख्खा प्रवेश.

माईंनी सखूची पानं परत माझ्यापुढे ठेवली.

"छानच गं," माई म्हणाल्या. "पण लोकांना पटायला हवं ना! आणि तू नाही म्हणालीस तर सखू कोण करणार?"

"तुम्ही करा."

"काहीतरीच! मला कशी शोभेल?"

"मेकअप करा. तुम्हाला लागेल."

नणंद करणारी मध्ये पडली. "इतकं काय मनाला लावून घ्यायचं? आपण सगळ्या बायकाच ना!"

"मग झाडू आळीपाळीनं घेऊ."

या वेळी कुणी लोटपोट झालं नाही.

ग्रुपमधून मला काढलं नाही. फक्त रिहर्सलचे निरोप यायचे थांबले. सखू आता माईंची धाकटी सून करते, तोंडाला काळपट रंग लावून. माझं स्टेज गेलं. जीव तुटतो, खोटं कशाला सांगू?

पण नाटक सगळ्यांना खुलं आहे. मी जाणार. पहिल्या रांगेत बसणार. सखू कमरेत वाकून आत आली आणि लोक हसले, की मी उभी राहणार आणि विचारणार, "कशाला हसलात?" माझा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जातो. उत्तर मिळेपर्यंत मी खाली बसणार नाही.