दिवाळीपर्यंतची खोली

प्रत्येक स्वयंपाकघरात एक कप्पा असा असतो, जिथं डबा हरवलेली झाकणं साठत जातात. कुणी विकत आणत नाही, कुणी फेकतही नाही. एक दिवस कप्पा उघडला की सगळी अंगावर कोसळतात. आमच्या घरातल्या किश्शांचं तसंच झालंय. नात वेगळी राहायला गेली, आणि सहा महिन्यांत इतके किस्से जमले की आता सांगून टाकल्याशिवाय कप्प्याचं दार लागायचं नाही.

माणसं चारच आहेत. एक मी, वय चौऱ्याहत्तर, शाळेची पायरी न चढलेली. माझा मुलगा प्रकाश, सरकारी कचेरीत साहेब. सून सुनंदा. आणि नात मयूरी, वय पंचवीस, चितेगावच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. म्हणजे माल तपासते. तिनं नापास केलेला माल तिच्या मोठ्या साहेबालाही गाडीत चढवता येत नाही. हे शेवटचं मला फार आवडतं.

*

आमचं घर सिडकोत. तिथून चितेगाव म्हणजे शहराचं दुसरं टोक ओलांडून पुढं. पोरगी सकाळी सहाला बाहेर पडायची आणि संध्याकाळी साडेसातला चुरगळून परत यायची. एप्रिलमधल्या एका रविवारी जेवता जेवता तिनं शांतपणे सांगितलं, की कारखान्याजवळ, पैठण रोडला एक खोली बघतेय, एकटीनं राहायला.

प्रकाशचा घास हातातच राहिला. त्यानं आधी विचारलं, घरात कुणी काही बोललं का? मग, कुणी पसंत केलाय का? मग, तब्येत बरी आहे ना? भांडण नाही, लग्न नाही, आजार नाही, आणि त्याच शहरात वेगळं बिऱ्हाड! साहेबांच्या कुठल्याच फॉर्ममध्ये हे बसेना. शेवटी तो चिडून म्हणाला, "आपल्यात पोरगी घरातून दोनदाच बाहेर पडते. एकदा लग्नात, आणि एकदा..." आणि थांबला.

"पूर्ण कर की वाक्य," मी म्हणाले.

त्यानं वरणाची वाटी तोंडाला लावली.

पण साहेब तो साहेब. वाटी खाली ठेवल्यावर त्यानं अट घातली. दिवाळीपर्यंत राहून बघायचं. त्याआधी एकदा जरी 'मला न्यायला या' म्हणाली, तर त्याच दिवशी सामान उचलायचं आणि पुन्हा विषय काढायचा नाही. दिवाळीला तो स्वतः येणार, खोली बघणार आणि ठरवणार, तिथं राहायचं का घरी परतायचं.

"मंजूर," मयूरी म्हणाली आणि भाजी वाढून घेतली.

*

मी कुणाच्या बाजूनं होते ते सांगायला नको. पण का होते, ते सांगते.

चोविसाव्या वर्षी माझं कुंकू गेलं. प्रकाश तीन वर्षांचा. देवगाव रंगारीला सासरी दोन वर्षं काढली. खायला कमी नव्हतं, पण भाकरीसोबत रोज काहीतरी ऐकायला वाढायचे. एक दिवस पोराचा हात धरला, एक ट्रंक घेतली आणि एसटीनं औरंगाबादला आले. तेव्हा नाव हेच होतं. शिलाईचं काम धरलं, पत्र्याची एक खोली घेतली. निघताना थोरले दीर स्टँडपर्यंत आले होते. म्हणाले, "लई शहाणी झालीस व्हय? आठ दिवसांत परत येशील."

पन्नास वर्षं होत आली. ते आठ दिवस अजून भरायचेत.

आणि त्या पत्र्याच्या खोलीत वाढलेला माझाच पोरगा आता बापाच्या घरातून पोरीनं पाऊल कसं काढावं, याचे नियम सांगत होता!

*

खोली बघायला मयूरीसोबत मीच गेले. पहिल्या दोन घरमालकांचं एकच दुखणं. आई-वडील कुठं असतात? सिडकोत. मग भांडण झालं का? नाही. मग नक्की झालं काय? भांडण झालंय असं सांगितलं असतं, तर बिचाऱ्यांनी लगेच चावी दिली असती.

तिसरे मालक रिटायर्ड गृहस्थ होते. ते तयार झाले. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट समोर आलं. मी चष्मा काढला, पुसला, आणि बोट ठेवून पहिल्या ओळीपासून वाचायला बसले. प्रकाश पहिलीत होता तेव्हा तो पाटीवर गिरवायचा आणि मी परातीतल्या पिठात. तेव्हापासून छापलेला कागद मी अर्धवट सोडत नाही. मालक पाच मिनिटांनी कंटाळले. म्हणाले, "आजी, सही करायला एवढं वाचावं लागत नाही."

"न वाचता केलेल्या सह्यांनीच आमच्या घरातल्या बायकांचे हिस्से गेले," मी म्हणाले आणि पान उलटलं.

अकराव्या कलमाशी मी थांबले. 'आई-वडिलांखेरीज कोणीही पूर्वसूचनेशिवाय भेटायला येणार नाही.' मी ते मोठ्यानं वाचलं. मयूरीनं मान वर केली.

"काका," ती म्हणाली, "यातलं 'आई-वडिलांखेरीज' तेवढं काढता येईल का?"

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. मी पेन पुढं केलं.

*

सामान हलवायच्या दिवशी प्रकाशला कचेरीत तातडीचं काम निघालं. रविवार होता. असो.

सुनंदानं इतकं बांधलं की टेम्पोवाल्यानं विचारलं, ताईंचं लग्न कुठं झालं? तिखट, मसाले, तीन प्रकारची लोणची, सहा माणसांचा कुकर. मी अर्धं उतरवलं. पोरगी चितेगावला कामाला चाललीय, चीनला नाही.

खरी अडचण उंबऱ्यावर आली. आमच्यात लेक घर सोडून निघाली की तिची ओटी भरतात. सुनंदा ताटात नारळ, तांदूळ, हळकुंड घेऊन उभी, आणि हात थांबलेला. कारण ओटी भरायची ती लग्न झालेल्या लेकीची. बिनलग्नाच्या पोरीची कशी भरणार? पण रिकाम्या हातानं लेकीला घराबाहेर तरी कसं पाठवणार? शेजारच्या दोन बायका दारात येऊन थांबलेल्या. सुनंदाच्या डोळ्यांत पाणी.

"आत्याबाई, काय करू?"

मी ताट तिच्या हातातून घेतलं. शेजारणींपैकी एकीचा श्वास मला ऐकू आला, कारण माझ्यासारखीनं तर ओटी भरायचीच नसते. मयूरी जीन्स आणि टीशर्टात. तिनं इकडंतिकडं पाहिलं. पदर नाही, ओढणी नाही.

"आज्जी, घेऊ कशात?"

"लॅपटॉपची बॅग उघड."

विधवेनं, बिनलग्नाच्या पोरीची, भाड्याच्या खोलीसाठी. एकाच नारळात तीन नियम मोडले, आणि टेम्पो चालू झाला.

*

पहिल्या आठवड्यात प्रकाशला पैठण रोडला पाच वेळा काम निघालं. एकदा मेथीची जुडी घेऊन, एकदा पंख्याचा आवाज ऐकायला, एकदा टेस्टर घेऊन. कचेरी त्याची दिल्ली गेटकडं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.

पाचव्या वेळी मयूरीनं चहा दिला आणि आदबीनं म्हणाली, "पप्पा, तुमच्या खात्याचं इकडं एवढं काम असेल, तर बदलीच मागून घ्या."

त्यानंतर तो महिनाभर फिरकला नाही. फोन मात्र रोज करायचा. पोरीला नाही, घरमालकांना.

*

सुनंदाचा किस्सा मी आजवर कुणाला सांगितला नव्हता. आता ती स्वतःच सांगत सुटलीय, म्हणून हरकत नाही.

दर गुरुवारी दुपारी आमची सून भजनी मंडळात जाते. बावीस वर्षांचा नेम. ऑगस्टमध्ये मंडळाच्या बाई मला भाजीवाल्याच्या गाडीवर भेटल्या आणि काळजीनं म्हणाल्या, सुनंदाताईंची तब्येत बरी नाही का? दोन महिने आल्या नाहीत.

दोन महिने तर ही दर गुरुवारी टाळ पिशवीत घालून घराबाहेर पडत होती! मी बाईंना सांगितलं, की ती आता एकांतात साधना करते. बाईंना फार कौतुक वाटलं.

संध्याकाळी मी सुनंदाला आत बोलावलं. ती आधी लाजली, मग तिनं कबूल केलं. मयूरीच्या खोलीची एक चावी तिच्याकडं होती. मयूरीनंच दिलेली. पोरगी कामावर असायची, आणि ही बारा ते चार तिथं जायची.

"काय करतेस तिथं?"

"झोपते, आत्याबाई."

"एवढंच?"

"उशीपाशी पुस्तक ठेवलंय. दोन पानं वाचते आणि झोपते. तिथं मला कुणी उठवत नाही."

सव्वीस वर्षं एका घरात राहून ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. मी स्वतःला फार हुशार समजते, पण तिथं मी नापास. दुसऱ्या गुरुवारी मीच तिच्या हातात पिशवी दिली. टाळ बाहेर काढून ठेवले. उगाच वजन कशाला?

*

सप्टेंबरमध्ये मात्र घोळ झाला. सकाळी मयूरीचा फोन आला, आवाज घोगरा. तीन दिवस ताप होता. म्हणाली, "आज्जी, मम्मी-पप्पांना सांगू नको. तू फक्त भेटायला ये."

मी रिक्षा केली. पोरगी फणफणत होती. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. मी पेज केली, तिच्या स्वयंपाकघरात, तिला विचारून. मीठ कुठं, चमचा कुठं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा मी एखाद्या घरात पाहुणी होते.

दुपारी प्रकाश आला. त्या घरमालकांनीच फोन केला असणार. आल्या आल्या त्यानं कपाटावरची बॅग खाली ओढली. म्हणाला, अट अट असते.

मयूरी उशीला टेकून बसली. "पप्पा, मी 'मला न्यायला या' म्हटलेलं नाही. आज्जीला 'भेटायला ये' म्हटलं. फोनचं रेकॉर्डिंग आहे."

"मरणाच्या तापात कायदा सांगतीस व्हय?" तो ओरडला. रागावला की त्याच्या तोंडून देवगाव बाहेर पडतं. मग माझ्याकडं वळला. "माय, तू तरी सांग हिला. आजारी पोर असं परक्या खोलीत ठेवतं का कुणी?"

मी पेजेची वाटी खाली ठेवली.

"तू सहा वर्षांचा होतास. गोवर निघाला होता. तुझे काका जीप घेऊन न्यायला आले होते, आठवतं?"

त्याला आठवत नव्हतं.

"पत्रा तापलेला. तुझं अंग त्याहून तापलेलं. खरं सांगते, त्या दिवशी मी ट्रंक भरायला घेतली होती. काका म्हणाले, चल बाळा, घरी. तू गोधडीतून तोंड बाहेर काढलंस आणि म्हणालास, हेच आमचं घर हाय. तुम्ही बसा, माय चहा करते."

प्रकाशनं बॅग जिथून काढली होती तिथं ठेवली, औषधांची चिठ्ठी वाचली आणि संत्री आणायला गेला.

*

आता दिवाळी.

पाडव्याच्या सकाळी प्रकाश इस्त्रीचा शर्ट घालून तयार. आज तो ठरवणार होता. सुनंदानं फराळाचा डबा घेतला, मी काठी घेतली. तिघं गाडीत बसलो. क्रांती चौक गेला, रेल्वे स्टेशन गेलं, तरी साहेबांच्या तोंडून शब्द नाही. निकाल काय लागणार ते मलाही कळेना, आणि मला कळत नाही असं सहसा होत नाही.

दुसरा मजला. मयूरीच्या दारापुढं रांगोळी, दाराला झेंडूचं तोरण. दार नुसतं लोटलेलं होतं. ढकललं असतं तर उघडलं असतं. सुनंदानं ढकलायला हात उचलला. प्रकाशनं तो हात खाली केला आणि बेल वाजवली.

"कोण?" आतून आवाज आला.

प्रकाशनं घसा साफ केला. "मी. प्रकाश."

आत बादली सरकल्याचा आवाज आला.

"दोन मिनिटं थांबा, पप्पा. फरशी ओली आहे."

चपला काढून प्रकाश जिन्यातच उभा राहिला. डब्याच्या वजनानं सुनंदाचा हात भरून आला. ती म्हणाली, "अहो, आपलीच पोरगी आहे. कडेकडेनं जाऊ की आत."

"थांब," प्रकाश म्हणाला. "ओली आहे म्हणाली ना ती."