अवयव पाडल्यावर

फळ्यावर x² − 6x + 9 चा आलेख काढला. वक्र खाली आला, अक्षाला नुसता शिवला आणि परत वर गेला. पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, हा ओलांडत का नाही हो?"

"एवढ्या पदांत कळायचं नाही. अवयव पाड."

तिनं पाडले: (x − 3)(x − 3). दोन्ही कंसांत तेच. म्हणून तर तो शिवून फिरतो.

आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा माझा भाऊ असाच आला होता. चपलाही न काढता उंबऱ्यातूनच बोलत राहिला. ट्रॅफिक, मीटिंग, मुलांच्या परीक्षा. किती ती पदं! आईनं पांघरुणातून हात बाहेर काढेपर्यंत खाली गाडी सुरू झाली होती.

आज त्याच्या बोलण्याचे अवयव पाडले. दोन्ही कंसांत 'मी' निघाला.