पर्चीवरचं 'एनए'

मंडळी, आज सकाळी जे घडलं ते लिहिते.

माझे मामा निवृत्त सुभेदार. इथे प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर 10 मध्ये, आमच्याकडेच राहतात. माजी सैनिकांच्या दवाखान्यातून दर महिन्याला त्यांची औषधं मीच आणते. दोन महिन्यांपूर्वी पर्चीवर, म्हणजे औषधांच्या चिठ्ठीवर, हृदयाच्या गोळीसमोर 'एनए' लिहिलेलं होतं. मी प्लांटच्या ऑफिसात रोज फॉर्म भरते. तिथे एनए म्हणजे 'लागू नाही'. मी मामांना सांगितलं, ही गोळी बंद झाली.

आज मामा अंगणात चक्कर येऊन पडले. त्यांना त्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "गोली क्यों बंद की?" मी पर्ची पुढे केली. औषधांच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, एनए मतलब नॉट अवेलेबल. फंड नहीं आया, तो दवा नहीं आई. बाहर से लेनी थी, बिल यहाँ जमा करना था."

मामांनी डोळे उघडल्यावर मी त्यांना विचारलं,

"मामा, तुम्ही मले एकदाही विचारलं कावून नाही?"

"तू सांगतलं बंद, मी केली बंद. फौजेत कोणी ऑर्डरले कावून विचारते का?" असं म्हणून ते चक्क हसले.

मामा आता शुद्धीवर आहेत, पण डॉक्टरांनी घरी सोडलेलं नाही. फंड आला नाही याचा संताप आहेच. पण त्या खिडकीवर मी दोनदा उभी राहिले आणि दोन अक्षरांचा अर्थ विचारला नाही, हे कोणाच्या माथी मारू?

तुमच्या घरच्या पर्चीवर काय लिहिलंय, ते तुम्हाला नक्की कळतं का?