कॉन्रॅड तांडेल किल्ला दाखवतो

उत्तनचा कॉन्रॅड म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हे हो, जन्मभर बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान! पण गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पोरानं, कॉलिननं, फर्मान काढलं, "पप्पा, आता समुद्र बंद." झालं! तेव्हापासून गडी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसायचा. आपण आता कुणाच्याच कामाचे उरलो न्हाय, हे त्याला आतून खात होतं.

सून हेझलला ते बघवेना. तिच्या ओळखीच्या, गोडदेवच्या एका सोसायटीतल्या रिटायर्ड मंडळींची रविवारी सहल होती. सकाळी घोडबंदरचा किल्ला, दुपारी उत्तनजवळच्या चौकचा धारावी किल्ला आणि तिथले समुद्रकडे. तिनं परस्पर सांगून टाकलं, "चौकला आमचे पप्पा गाईड!"

कॉन्रॅड इस्त्रीचा शर्ट घालून हजर. "किल्ला ना? जन्म गेला बघण्यात. चर्चच्या डावीकडं!" मंडळी वळली डावीकडे आणि पोचली कुठे, तर थेट बोंबील वाळत घातलेल्या दोऱ्यांमध्ये! गिरिजा नावाच्या बाईंचा पदर बोंबलात अडकला, बाकीच्यांनी नाकाला रुमाल लावले. किल्ला राहिला उजवीकडे.

कॉन्रॅडचं तोंड एवढंसं झालं. बिचाऱ्यानं किल्ला बघितला होता तो बोटीतून, खूण म्हणून. वर पाय कधी ठेवलाच नव्हता! समुद्राकडून जे डावं, ते जमिनीवरून उजवं. "मी तो बोटीतनंच बघितलाय. मला न्हाय जमायचं," तो पुटपुटला. "हेझल, तूच ने यांना."

"अहो, असं कसं?" गिरिजाबाई पदर झटकत म्हणाल्या. "तुम्ही बघता तिथूनच दाखवा की!"

रविवार असल्यानं घरची बोट धक्क्यालाच होती. हेझलनं फोन केला. कॉलिन कुरकुरत आला, सगळ्यांना लाइफ जॅकेटं घालून त्यानं बोट काढली.

कडे समोर आले तसा कॉन्रॅड ताठ उभा राहिला. "ती किल्ल्याची काळी भिंत दिसली? तिच्यावर चर्चचा क्रूस बरोबर बसला की थांबायचं. इथं खाली घोळ मासा हाय. माझ्या बापानं दाखवलेली जागा."

मंडळी वाकून पाण्यात बघू लागली. कॉलिन मात्र बापाकडे बघत राहिला. "हे मला कधी सांगितलं न्हाय!"

"तू ते मासे दाखवणारं मशीन बघतोस. मला कधी विचारलंस?"

कॉलिन हळूच बाजूला सरकला. "घ्या पप्पा, सुकाणू तुम्ही धरा. अजून कुठं कुठं हाय, दाखवा मला."

कॉन्रॅडचे डोळे भरून आले. पण बोट त्यानं अशा सफाईनं वळवली, की विचारू नका. ऑपरेशन गुडघ्याचं झालं होतं, हातांचं थोडंच!