कोऱ्या बाटलीतलं मांजर

प्रयोगशाळेत तिला सगळे शून्यताई म्हणत. हे नाव ड्रायव्हरने ठेवलं होतं आणि तिला ते मनापासून आवडायचं.

तिचं काम पाणी आणायचं. तळं, नाला, नदीचा काठ, जिथून सांगतील तिथून. पाण्यात जो राहतो, पाणी प्यायला येतो किंवा नुसता डुंबून जातो, तो आपलं काहीतरी मागे ठेवतो. खवला, केस, लाळ, विष्ठा, काहीही. त्यातल्या डीएनएवरून त्या पाण्यात कोण कोण येऊन गेलं ते प्रयोगशाळेत सांगता येतं. प्राणी डोळ्यांना दिसायलाच हवा असं नाही. पाणी बारीक गाळणकागदातून ओढायचं, कागद बर्फाच्या पेटीत ठेवायचा आणि जपून परत आणायचा.

पण तिचा लौकिक होता तो एका वेगळ्याच बाटलीमुळे. प्रत्येक फेरीत शुद्ध पाण्याची एक बाटली प्रयोगशाळेतूनच भरून न्यायची, काठावर उघडायची, तेही पाणी तसंच गाळायचं आणि तो कागदही परत आणायचा. तिला कोरी बाटली म्हणत. तिच्यात काही निघता कामा नये. निघालंच तर ते तळ्याचं नव्हे, आणणाऱ्याच्या हातांचं, कपड्यांचं किंवा गाडीचं. मग त्या फेरीतल्या बाकीच्या बाटल्यांवरही कुणाचा भरवसा राहत नाही. माणसाच्या खुणा थोड्याफार यायच्याच, त्या सोडून देत. बाकी तीन वर्षांत तिच्या कोऱ्या बाटलीत शून्याशिवाय काहीही निघालं नव्हतं.

ही शिस्त एका दिवसात आली नव्हती. आधी अकरा वर्षं तिने दातांच्या दवाखान्यात हत्यारं धुतली. मग या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागली. धुण्याच्या खोलीला खिडकी नव्हती. नऊ वर्षं तिने भिंतीवरच्या त्याच त्या पांढऱ्या फरश्या पाहिल्या. उकळल्याने जंतू मरतात पण डीएनएच्या खुणा जात नाहीत, त्यासाठी ब्लीच लागतं, हे ती नव्या लोकांना शिकवू लागली. पाणी आणणारा माणूस नोकरी सोडून गेला तेव्हा प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "तुम्ही धुतलेली बाटली कधी दगा देत नाही. तुम्हीच जा बाहेर." तेव्हा ती एकोणपन्नास वर्षांची होती. पहिल्या दिवशी गुडघाभर पाण्यात उभी राहून ती इतका वेळ हसत होती की ड्रायव्हरला वाटलं, बाईंना ऊन लागलं.

तर एका सोमवारी ती बाटल्या ब्लीचमध्ये बुडवत होती आणि ड्रायव्हर धावत आला.

"ताई, सापडलं! मांजर सापडलं!"

"पाणमांजर?"

"आता मांजर म्हणजे दुसरं कुठलं? मॅडम फोनवर सांगत होत्या, मी दाराबाहेरून ऐकलं!"

शहराबाहेरच्या तळ्यात पाणमांजर आहे, असं एक नावाडी शपथेवर सांगत होता आणि प्रयोगशाळा चार महिने त्या पाणमांजराच्या मागावर होती. बघता बघता बातमी मजलाभर झाली. कुणी चहा टाकला, कुणी बिस्किटांचा पुडा फोडला. शून्यताईने हातमोजे काढले आणि आयुष्यात पहिल्यांदा कामाच्या वेळेत खुर्चीवर बसून चहा घेतला.

मॅडम दारात उभ्या राहिल्या. "कसला समारंभ आहे?"

"पाणमांजराचा!" ड्रायव्हर म्हणाला.

"पाण नाही," मॅडम म्हणाल्या. "नुसतं मांजर. म्याऊ करणारं, घरातलं. आणि तेही तळ्यात नाही. कोऱ्या बाटलीत."

ड्रायव्हरने हातातलं बिस्कीट हळूच पुड्यात परत ठेवलं.

शून्यताईने कप खाली ठेवला. मॅडमच्या टेबलामागे नियमांचा कागद होता आणि त्यातला चौथा नियम तिला पाठ होता. कोरी बाटली लागोपाठ दोनदा बिघडली तर बाहेर जाणारा माणूस बदलायचा. पुढची फेरी गुरुवारी होती. गुरुवारी पुन्हा मांजर निघालं, की पुन्हा त्या बिनखिडकीच्या खोलीतल्या फरश्या.

"तुमच्या घरी मांजर आहे?" मॅडमनी विचारलं.

"आमच्याकडे? सासऱ्यांना मांजराचा इतका तिटकारा आहे, की कुंपणावर शेपटी दिसली तरी काठी घेऊन धावतात."

मॅडमनी ड्रायव्हरकडे पाहिलं.

"माझ्याकडे कुत्रा आहे," तो घाईघाईने म्हणाला. "आणि तो आजवर एकाही बाटलीत निघालेला नाही. गुणी आहे."

रडत बसणं हा तिचा स्वभाव नव्हता. तिने फेरीतली प्रत्येक वस्तू टेबलावर मांडली आणि कापसाच्या ओल्या बोळ्याने एकेक पुसली. गाडीची सीट, बर्फाची पेटी, पंप, नळी, हातमोज्यांचा खोका, पिशवी, दोरी आणि तिचा पांढरा कोट. आठ वस्तू, आठ बोळे, सगळे तपासायला दिले. एकट्या मांजराचीच तपासणी असल्यामुळे उत्तर बुधवारी दुपारीच आलं. सात बोळे साफ होते.

"कोट मात्र," मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, "मांजराने स्वतः विणल्यासारखा आहे."

कोट ती घरी धुवायची, इस्त्री करायची आणि दोन्ही जोड सासऱ्यांच्या खोलीतल्या कपाटाच्या खालच्या खणात ठेवायची. घरातली सगळ्यात कोरडी, सगळ्यात स्वच्छ जागा तीच, असा तिचा समज होता. ती तशीच उठली आणि भर दुपारी घरी गेली. या वेळी ती घरी येईल असं घरातल्या कुणालाच वाटलं नव्हतं.

सासऱ्यांच्या खोलीतून आवाज येत होता. "हळू, हळू. भांडू नका. सगळ्यांना मिळणार आहे."

तिने दार ढकललं. सासरे, म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, जमिनीवर मांडी घालून बसले होते. हातात दुधाची बशी होती. कपाटाचा खालचा खण अर्धा उघडा होता आणि तिच्या इस्त्रीच्या कोटावर एक करडी मांजर तीन पिल्लांसह ऐसपैस पसरली होती.

"बाबा!"

"तू आत्ता कशी काय?"

"हे काय आहे?"

"कुठं काय?" त्यांनी बशी पाठीमागे नेली. बशीपाठोपाठ एक पिल्लूही त्यांच्या पाठीमागे गेलं.

"तुम्हाला मांजर आवडत नाही ना?"

"मुळीच नाही. ही आपली येते."

"आणि ती काठी?"

"काठी तुम्हा लोकांसमोर. हिला सांगून ठेवलंय, मनावर घेऊ नकोस म्हणून."

"पण मला का नाही सांगितलंत?"

म्हातारा ओशाळला. "तुझी भीती वाटते, सूनबाई. जमिनीवर एक केस दिसला तर तू ब्लीचची बादली काढतेस. वाटलं, हिलाच बुडवशील."

तिला हसू आवरेना आणि रडूही येईना. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि कोरी बाटली, चौथा नियम, गुरुवार, सगळं सांगितलं. सासऱ्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"म्हणजे माझ्यापायी तुला आत कोंडतील? मग हिला आजच कुठेतरी..." पुढचे शब्द त्यांच्या तोंडून निघेनात. पिल्लू त्यांच्या धोतराचा काठ चोखत होतं.

"हिला कुठेही न्यायचं नाही," ती म्हणाली. "न्यायचे ते कोट."

संध्याकाळी तिने ही हकीकत नवऱ्याला सांगितली. तो घड्याळजी होता. डोळ्याचं भिंग न काढताच म्हणाला, "महिनाभर अर्धा लिटर दूध जास्त आणतोय. तुला काय वाटलं, बाबा पितात?"

"म्हणजे तुम्हालाही माहीत होतं?"

"शेजारच्यांनासुद्धा माहीत आहे."

गुरुवारी पहाटे ती निघाली तेव्हा सासरे ओटीच्या टोकाला हात मागे बांधून उभे होते. "लांबून जा, लांबून! मी मांजराचा आहे." प्रयोगशाळेत पोहोचून तिने डोक्यावरून अंघोळ केली, तिथलेच कपडे घातले आणि तिथल्याच कपाटातलं नव्या कोटाचं बंद पाकीट फोडलं. गाडी ड्रायव्हरने आदल्या दिवशीच धुतली होती, छतासकट.

तळ्यावर धुकं होतं. पलीकडच्या झुडपांत पाणकोंबडी ओरडत होती. तिने वाऱ्याकडे तोंड केलं, नवे हातमोजे चढवले आणि कोऱ्या बाटलीचं झाकण फिरवलं. दहा पावलांवर ड्रायव्हर गाल फुगवून ताठ उभा होता.

"ताई, श्वास घेऊ का?"

"घे की. पण तोंड तिकडे करून."

पुढच्या मंगळवारी मॅडमनी तिला आत बोलावलं. ड्रायव्हरही आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. मॅडमनी कागद सरळ केला आणि वाचला.

"कोरी बाटली. शून्य."

शून्यताईचा जीव भांड्यात पडला. ड्रायव्हरने अशी शिट्टी मारली की बाहेरून कुणीतरी डोकावून गेलं. मॅडम पुढे वाचत राहिल्या. वाम, आणखी तीन जातींचे मासे, दोन बेडूक, पाणकोंबडी, खंड्या आणि एक मुंगूस.

"आणि पाणमांजर?" तिने विचारलं.

"या वेळी नाही. म्हणजे तळ्यात नाहीच असं म्हणता येत नाही, पण त्या दिवशीच्या पाण्यात त्याची खूण नव्हती. आणि तुमची कोरी बाटली स्वच्छ आहे, म्हणून एवढं तरी मी छातीठोकपणे सांगू शकते." त्यांनी नकाशा पुढे ओढला. "आता वर शोधायला हवं. ओढ्याने चढत थेट झऱ्यापर्यंत. तीन दिवस, मुक्कामी. तुम्हीच जायचं. गमबूट नवे घ्यावे लागतील. नंबर काय तुमचा?"

"सहा," शून्यताई म्हणाली. "पण मॅडम, ते घरी पाठवू नका. इथेच ठेवा, पॅकबंद."