स्तंभाकडे पाठ करून उभी राहिलेली मेंढरे

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मी शाळेत चाळीस वर्षे विज्ञान शिकवले आहे. तरीही हे लिहितो, कारण आमच्या गावच्या नव्या स्मरणिकेत छापले आहे की, ‘अनावरणाच्या दिवशी मेंढरांनी हुतात्मा स्तंभापुढे गुडघे टेकले.’ साफ खोटे! मेंढरांनी स्तंभाकडे ढुंकूनही पाहिले नाही. मी तिथे होतो; लिहिणाऱ्याचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. आता वाद घालण्याचेही त्राण उरलेले नाही... म्हणून एकदाच, सविस्तर.

आमचे गाव विट्याच्या उत्तरेला, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात. बेचाळीसच्या मोर्चावर कचेरीच्या फाटकासमोर गोळीबार झाला. सहा जण तिथेच पडले. सातवा बिरू – बाजाराला आलेला धनगर. पोलिसांनी सातही प्रेते फाटकापाशी ओळीने ठेवली. त्यामुळे बिरूही तिथेच पडला, असे सर्वजण धरून चालले.

स्वातंत्र्यानंतर त्या फाटकासमोर स्तंभ उभा राहिला. नावांची यादी माझ्याकडे होती. मी सहाच नावे दिली.

अनावरणाच्या सकाळी बिरूची बायको हौसा मेंढरे घेऊन आली.

“मास्तर, माज्या धन्याचं नाव कुठं हाय?”

“बाई, ते मोर्चात नव्हते. बाजाराला आले होते.”

“आवं, गोळी काय इचारून लागली व्हय?”

स्तंभ समितीचे अध्यक्ष हसून म्हणाले, “हौसाबाई, दगडावरची रेघ आन् मास्तरांचा शब्द... दोन्ही पुसत न्हाईत.”

भाषणे सुरू झाली आणि मेंढरे उठली. स्तंभाला वळसा घालून कचेरीच्या मागच्या भिंतीकडे गेली. हौसा त्यांच्यामागे धावली; का कोण जाणे, मीही गेलो.

वैशाखातले ऊन. उन्हात मेंढरे एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी राहतात, हे मला कोणी शिकवू नये. पण ती राहतात गठ्ठ्याने. इथे त्यांनी कडे केले होते – डोकी आत, आणि मधोमध एक माणूस आडवा मावेल एवढी जमीन मोकळी. हौसाने काठीने तीनदा हाकलली. तिन्ही वेळा ती परत तिथेच आली.

“असं कवाच करत न्हाईत वो... लय शहाणी हायती,” ती रडवेली होऊन म्हणाली.

ही बिरूची मेंढरे नव्हती. ती तिने बेचाळीसातच विकली होती. ही पंधरा दिवसांपूर्वी म्हसवडच्या बाजारातून घेतलेली.

ती मोकळी जमीन मी ओळखली. कारण – हे मी आज प्रथमच लिहितो – पहिली गोळी सुटताच मी मोर्चातून पळालो होतो. त्या भिंतीमागे बिरू मेंढरे घेऊन उभा होता. त्याने स्वतःचे घोंगडे माझ्यावर टाकले. “वाक गड्या, मेंढरू हो!” मी झालो. मागोमाग शिपाई आला. बिरू त्याच्या वाटेत आडवा उभा राहिला. मी मेंढरांच्या पायांत पडून होतो, आणि गोळी लागून तो माझ्यापासून दोन हातांवर पडला. नंतर त्याला ओढत फाटकाकडे नेले. मोर्चात नसलेल्याचे सातवे नाव दिले असते, तर तो कुठे आणि कसा पडला हे कोणीतरी विचारले असते.

मी मंडपात परतलो आणि अध्यक्षांना म्हणालो, “बिरूचं नाव कोरा.”

“सकाळी तुमीच नको म्हनत हुता की!”

“यादीत माझी चूक झाली.”

हे वाक्य मी आयुष्यात एकदाच उच्चारले. पाथरवटाने दुपारीच छिन्नी घेतली. नाव मेंढरांच्या चमत्काराने लागले, असे गाव म्हणू लागले; मी म्हणू दिले. हौसालाही खरे सांगितले नाही, आणि ती तशीच गेली.

ऊन, वास, कळपाची सवय... सगळी कारणे मी स्वतःच मांडली आणि स्वतःच खोडली. बिरू कुठे पडला, हे ठाऊक असलेला गावात मी एकटा होतो. आणि मी कोणालाही सांगितले नव्हते.