खळ दिलेलं विमान

टायपिंगच्या क्लासात सगळ्यात फास्ट मी आहे. चुकाही सगळ्यात जास्त माझ्याच. आमचे सर म्हणतात, "तू टाइप करत नाहीस बाबा, ताशा बडवतोस." आत्ता ते शेजारी चहाला गेलेत आणि समोरचा 'महोदय, सविनय सादर' वाला परिच्छेद सोडून मी हे बडवायला घेतलंय. कारण ही गोष्ट तोंडानं मी इतक्यांदा सांगितलीय की घरात आता कुणी ऐकत नाही. कागद बिचारा उठून जाऊ शकत नाही.

गोष्ट विमानाची आहे. पण साधं विमान नाही, त्यात काय एवढं! पाण्यावर उतरणारं. पोट होडीचं, पंख विमानाचे आणि दोन्ही बाजूंना मुडपून ठेवलेली चाकं. पाणी दिसलं की पाण्यावर बसायचं, जमीन दिसली की चाकं काढून जमिनीवर. लढाईच्या काळात लई होती म्हणे, आता फारशी उरलेली नाहीत. मी स्वतः एकही पाहिलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी तज्ज्ञासारखा बोलायला लागलो की तुम्हाला हसायला बरं.

माझं वेड सुरू झालं शेंगाचटणीच्या पुड्यातून. दुकानदारानं कुठल्यातरी जुन्या इंग्रजी मासिकाचं पान फाडून पुडा बांधलेला. चटणी संपली आणि खाली हे! निळ्या पाण्यावर बसलेलं, पंख डोक्यावर छत्रीसारखा धरलेला, आणि मागं दोन्ही बरगड्यांना काचेचे दोन मोठे फुगे. बेडकाचे डोळे चुकून कमरेला आले तर कसे दिसतील, तसे. इतकं बेढब आणि इतकं सुंदर एकाच वेळी कुणी कसं असू शकतं! तेलानं कागद आरपार दिसायला लागलेला, त्यामुळं मागच्या पानावरच्या टूथपेस्टच्या बाईचे दात बरोब्बर विमानाच्या पोटाखाली उमटले होते. मी सगळ्या गल्लीला सांगत सुटलो की पाणी कापायला त्याला खालून पांढऱ्या दातांची रांग असते. कॉलेजात फळ्यावर आकृती काढली. फिजिक्सच्या सरांना दाखवली. ते म्हणाले, "असेल."

तो कागद मी उशीखाली ठेवायचो. उशीला लसणाचा वास आणि मुंग्या, पण वेड म्हटल्यावर एवढं चालायचंच.

एका रविवारी मामा घरी आला. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी राहणारा, गिरणीत मागावर काम करणारा. सगळी गल्ली त्याला मामाच म्हणते. त्यानं तो कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर ढकलला आणि कागद अगदी डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाला, "ह्ये माझं हाय."

"काय तुझं?"

"इमान. ह्याच्या पोटाखालचं शेवाळ म्या खरवडलंय."

माझा सख्खा मामा! आणि मी फिजिक्सच्या सरांना विचारत फिरतोय! झालं असं होतं की लढाईच्या काळात मामा ऐन जवानीत घरातून पळून मद्रासकडं गेला होता आणि तिथल्या एका तलावावर ही लष्करी विमानं उतरायची, तिथं कामाला लागला होता. विमान उतरलं की छोट्या होडीतून जाऊन दोर झेलायचा, तरंगत्या पिंपाला बांधायचा, आणि विमान काठावर ओढलं की खालून घासायचं.

"दात होते का रे मामा, खाली?"

"कसले दात? पायरी हुती. पोटाला मधीच एक पायरी. न्हायतर पाणी सोडत न्हाय, चिकटून बसतं." मग तो कधी नव्हे तो खुलला. "आन बग, पाणी लई गुळगुळीत आसलं की उतरायचं सगळ्यात अवघड. आरशावानी पाणी. वरनं वैमानिकाला कळतच न्हाय कुटं आभाळ संपलं, कुटं पाणी लागलं. मग आमी आदी लाँच पळवायचो, लाटा पाडायला. लाटा दिसल्या की तो उतरायचा."

मी विचारलं, एवढं सगळं इतकी वर्षं सांगितलं का नाहीस? तर म्हणाला, सांगितलं होतं. परत आल्यावर गल्लीत सगळ्यांना सांगितलं, आणि गल्ली हसली. त्याला 'पाणइमान' नाव पडलं. दुष्काळात तळं आटलं तेव्हा तर सलूनसमोरून जाताना हाक यायची, "मामा, आता तुमचं इमान कुटं उतरणार?" मग त्यानं विषयच बंद केला.

"एकानं तरी व्हय म्हणावं, खरं हाय म्हणावं, एवढंच वाटतं बग. जाऊ दे. तू कुटं बोलू नको."

मी लगेच सलूनमध्ये जाऊन बोललो.

सलूनचा मालक म्हणजेच आमच्या गणपती मंडळाचा अध्यक्ष. त्याच्या हातात वस्तरा असतो आणि तोंडात सगळी गल्ली. तो म्हणाला, "का बे, आता भाच्याला पण लागण झाली काय?" बाकावरचे सगळे हसले. मी म्हणालो, तुम्हाला करून दाखवतो. तो म्हणाला, "दाखव की. एवढं पाण्यावर चालतंय तर यंदा बाप्पाला बसवून तळ्यात सोडू त्यातनं."

"सोडू की!"

"आन बुडालं तर?"

"बुडणारच नाही."

"बुडालं, तर मामानं ही गोष्ट परत तोंडातनं काढायची न्हाय. मरेपर्यंत. मंजूर?"

"मंजूर!" मी म्हणालो. गोष्ट मामाची, तोंड मामाचं, आणि पैज लावून आलो मी. मामाला विचारायचं असतं हे मला घरी पोचल्यावर सुचलं. मामानं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता कानाखाली बसतेय. तर तो नुसता म्हणाला, "पंख लांब ठीव. लई लांब हुते."

(सर येऊन गेले. मी पटकन 'आपला विश्वासू' असं ठोकलं. पुढं चाललो.)

मांडवामागं काम सुरू झालं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, माणसाएवढं पोट, आणि मांडवाच्या दोन्ही कनातींना टेकणारे पंख. चाकं कुणाच्यातरी पोराच्या मोडक्या तीनचाकी सायकलची. वर ताणून बसवायला गिरणीचं पांढरं कापड. आता प्रश्न आला, कापड पत्र्यासारखं कडक कसं करायचं? आणि सोलापुरात हा प्रश्न म्हणजे काय प्रश्न झाला का! आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घरात माग. सुताला खळ पाजली की ते तारेसारखं ताठ होतं हे आम्ही आईच्या पोटातून शिकून येतो. मराठी म्हणाले खळ, तेलुगू म्हणाले खळ, अक्कलकोटकडचे कानडी म्हणाले खळ. तीन भाषांचं आमच्या गल्लीत एवढं एकमत मी कधी पाहिलं नव्हतं. मामा म्हणाला, "घट्ट दे. दोन हात दे."

मैद्याची पेज शिजवून पिंपभर खळ केली, थरावर थर दिले. उन्हात वाळल्यावर विमान वाजवलं तर टणटण वाजायचं! अध्यक्ष दिवसातून चार वेळा सलून सोडून टिचकी मारायला यायचा. नवी पेठेतून चंदेरी ऑइलपेंट आणला. पंख रंगवले, पाठ रंगवली, काचेच्या फुग्यांच्या जागी पिवळा जिलेटीन कागद लावला, आणि पोटाशी आलो तेव्हा डबा संपला. मी म्हणालो, राहू दे. पाण्याखालचं कोण बघतंय?

हे वाक्य माझं आहे. साक्षीदार भरपूर आहेत.

चाचणीसुद्धा घेतली मी, उगीच नाही. पंखावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी मोत्यासारखं घरंगळून गेलं. टाळ्या पडल्या. मी वाकून नमस्कार केला.

अनंत चतुर्दशीला लेझीमच्या तालात विमान हातगाडीवरून निघालं. मागच्या वर्षी चांगला पाऊस झाला होता, तळं भरलेलं. घाटावर ही गर्दी! दुसऱ्या मंडळांची माणसं आपला गणपती सोडून आमचा बघायला आलेली. मांडवातली मोठी मूर्ती दरवर्षी ठेवायचीच असते. विसर्जनाची हातभर मातीची मूर्ती आम्ही वैमानिकाच्या जागी बसवली. अध्यक्षाला ऐनवेळी घाम फुटला. "बाप्पा पडला तर बे?"

"पाण्यातच जायचंय की त्याला!"

आरती झाली. उतारावरून विमान सोडलं. आपल्या चाकांवर, खडखड करत, जमिनीवरून थेट पाण्याकडं. अहो, हेच तर ते! हेच त्या विमानांचं सगळं काही! माझ्या अंगावर काटा आला. आणि एवढ्यात मामा ओरडला, "थांबा, थांबा! पाणी लई गुळगुळीत हाय!"

खरंच होतं. वारा पडलेला, तळं नुसता आरसा. मामा धोतरासकट पाण्यात घुसला, कमरेपर्यंत, आणि दोन्ही हातांनी पाणी बडवायला लागला. लाटा पाडायला. आमच्या विमानाला वैमानिक म्हणून खुद्द बाप्पा होता, त्याला पाणी कुठं सुरू होतं हे कळायला लाटा लागत नव्हत्या. हे मला तेव्हा सुचलं का? छे! मीही पँटसकट आत उडी मारली आणि बडवायला लागलो. घाटावर लोक हसून हसून बेजार.

आणि मग ते तरंगलं.

तरंगलं हो! पंख पसरून, चांदीसारखं चमकत, आमच्या लाटांवर डुलत सरळ आत निघालं. हसणारे गप्प झाले आणि मग जो आवाज उठला, की बस. अध्यक्ष तोंड उघडं टाकून उभा. मी मामाकडं पाहिलं. तो पाणी बडवायचं विसरून, दोर झेलायला हात पुढं करतात ना, तसे हात पुढं करून उभा होता.

मग विमानाभोवतीचं पाणी पांढरं व्हायला लागलं. तांदूळ धुतल्यासारखं. पंख हळूहळू खाली आले, गिरणीतली पाळी संपवून आलेला माणूस खांदे पाडतो तसे. पोट मऊ पडलं. खळ खायला मासे जमले. आणि ते सगळं बाप्पाला घेऊन शांतपणे खाली गेलं. पिवळा जिलेटीन तेवढा वर राहिला.

घाटावर कुणीतरी ओरडलं, "गणपती बाप्पा मोरया!" आणि सगळ्यांनी जल्लोष केला. त्यांना वाटलं, असंच ठरलेलं होतं. काय कल्पना, काय कल्पना, म्हणत दुसऱ्या मंडळाच्या लोकांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. पण अध्यक्ष पाण्याच्या काठाला आला आणि मामाला म्हणाला, "बुडालं मामा."

मामा म्हणाला, "व्हय. बुडालं."

घरी आईनं माझी पँट पिळता पिळता विचारलं, "नवं लुगडं पहिल्या धुण्यात खळ सोडतं. एवढ्या बाप्यांत एकालाही ठाऊक नव्हतं? धुणं धुतलंय का कधी कुणी?"

मी मुकाट ती पँट दोरीवर वाळत घातली. हे मला फार कमी वेळा जमतं.

मामानं शब्द पाळला. मी विमानाचा विषय काढला की "मला काय ठाऊक न्हाय" म्हणायचा. पुड्याचा कागद दाखवला तर घडी घालून परत दिला. बडबडून त्याची गोष्ट मी बाहेर काढली आणि बडबडूनच घालवली. ते दिवस फार वाईट गेले. टायपिंगच्या क्लासला नाव घातलं ते तेव्हाच, निदान हात तरी कामात राहतील म्हणून.

मग दिवाळीच्या आधी एकदा मी सलूनमध्ये बाकावर नंबर लावून बसलो होतो. खुर्चीत मामा, गालांना साबणाचा फेस. शेजारी वेळापूरकडचा एक पाहुणा, कापड घ्यायला सोलापूरला आलेला. अध्यक्ष वस्तरा परजत त्याला सांगत होता, "आमच्या मंडळाचं इमान बगायला पायजे हुतं तुमी. पाण्यावर चाललं!"

पाहुणा हसला. "काय सांगता मालक! इमान कुटं पाण्यावर चालतंय व्हय?"

"चालतंय म्हंजे? ह्या डोळ्यांनी बगितलंय म्या!" अध्यक्ष तापला. "लढाईत खरीखुरी हुती तसली. मद्रासकडं. उतरली की वल्ही मारत काठाला यायची. चार वल्ही असत्यात त्यांना."

फेसाखाली मामाचा जबडा हलला.

"आन पोटाखाली दात असत्यात," अध्यक्ष म्हणाला. "पांढरे. पाणी कापायला."

माझे कान तापले. ते दात माझे होते.

"दात न्हाईत!" मामा ओरडला. अध्यक्षानं वस्तरा झटकन बाजूला घेतला म्हणून बरं. "दात बीत काय न्हाय! आन वल्ही तर न्हाईतच न्हाईत! पायरी असती, पायरी!"

आरशात सगळे मामाकडं बघायला लागले.

"मामा," अध्यक्ष म्हणाला, "बोलायचं न्हाय ठरलंय की."

"व्हय, ठरलंय. पण तू माझ्या इमानाला दात लावलास तर म्या काय करू?"

अध्यक्षानं पाहुण्याकडं पाहिलं, मग वस्तरा मिटला आणि खुर्ची आरशाकडून आमच्याकडं फिरवली.

"मग कसं हुतं, सांगा की," तो म्हणाला. "आन पाव्हणं, हसायचं न्हाय. हे खरं हाय."

मामानं एकदा माझ्याकडं बघितलं. मग दोन्ही हात पुढं केले, दोर झेलायला. "पाणी लई गुळगुळीत आसलं की..." त्यानं सुरुवात केली. रांगेत आम्ही पाच जण होतो, बाहेर आणखी आले. त्याच्या गालावरचा फेस वाळून खळ दिलेल्या कापडासारखा कडक झाला, तरी वस्तऱ्याला कुणी हात लावला नाही.